पत्त्याच्या पट्टीतला एक आकडा

ताई,

मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत वार्ताहर आहे, शिक्षणाच्या बातम्या माझ्याकडे असतात. मागच्या आठवड्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा भेटायला आला. आमच्याकडच्या एका शिक्षण संस्थेने शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरून घेतलेत. पोर्टल एका खाजगी कंपनीने बांधलंय. या मुलाने लॉगिन करून आपला अर्ज उघडला, तेव्हा ब्राउझरमधल्या पत्त्याच्या शेवटी अर्जाचा क्रमांक दिसला. शेवटचा आकडा बदलून एंटर मारलं, तर दुसऱ्याच मुलीचा अर्ज समोर आला. फोटो, आधार, मोबाइल नंबर, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुकचं पहिलं पान, सगळं. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवलेत. छोटा प्रोग्राम लिहून एका रात्रीत सगळे अर्ज उतरवून देतो म्हणतोय. संस्थेकडून बक्षीस मिळेल का, असंही विचारत होता.

आमच्या पत्रकारितेच्या बॅचच्या ग्रुपवर मी कोणाचं नाव न घेता हे सांगितलं, तर दोन दिवस नुसती जुंपली. वकील मित्र म्हणतो, आयटी कायद्याचं कलम ६६ लागेल, हात लावू नकोस. एक जण म्हणतो, घटनेने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिलंय, कोण काय वाकडं करणार? सॉफ्टवेअरमधला मित्र म्हणतो, सरळ सोशल मीडियावर टाक, त्याशिवाय कोणी हलत नाही. संपादक म्हणतात, पान एकची बातमी आहे, पुरावा म्हणून सगळा डेटा घेऊन ठेव. घरी आई-बाबा घाबरलेत. मुलाने गुन्हा केलाय का? मी स्वतः उघडून बघू का? उद्या त्याचं नाव विचारलं तर? छापू की नको?

— एक वार्ताहर

*

छाप. पण आज नको, आणि संपादक म्हणतात त्या पद्धतीने तर मुळीच नको.

तुमच्या ग्रुपवर कायदा झाला, घटना झाली, सोशल मीडिया झाला. ज्या मुलीचा अर्ज त्या मुलाच्या स्क्रीनवर उघडला तिचा विषय मात्र कोणी काढल्याचं तुझ्या पत्रात दिसत नाही. तिने जातीचा दाखला, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, पासबुक, फोटो आणि नंबर दिला, कारण ते दिल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नव्हता. आता त्या पोर्टलवर लॉगिन असलेल्या कोणालाही तिचा फोटो आणि मोबाइल नंबर एकत्र मिळू शकतो. उद्या तिला फोन आला, ‘तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा’, आणि समोरच्याने तिचा अर्ज क्रमांक, बँकेची शाखा, वडिलांचं नाव सगळं अचूक सांगितलं, तर तिने विश्वास का ठेवू नये? तू यापुढे जे करशील ते तिला डोळ्यांसमोर ठेवून कर. कायद्याच्या दृष्टीनेही तोच रस्ता सगळ्यात भक्कम आहे.

आधी मुलाने नेमकं काय केलं ते समजून घे, कारण तुला ते वाचकालाही सांगायचंय आणि वेळ आली तर पोलिसांनाही. समजा पत्त्याच्या शेवटी ४५१७ होतं, त्याने ४५१८ केलं. सर्व्हरने ४५१८ क्रमांकाचा अर्ज काढून दिला. मागणारा हाच तो अर्जदार आहे का, हे तपासलंच नाही. कचेरीच्या खिडकीवर कोणीही येऊन नुसता पावती क्रमांक सांगावा आणि कारकुनाने मान वर न करता भलत्याचीच फाइल हातात द्यावी, असा हा प्रकार. लॉगिन होतं, पासवर्ड होता, पण एकदा आत आल्यावर कोणाला काय दाखवायचं याची तपासणी बांधणाऱ्यांनी ठेवलीच नाही. यात त्या मुलाची काही करामत नाही. वेब सुरक्षेवर काम करणारी ओवास्प ही संस्था नेहमी आढळणाऱ्या धोक्यांची यादी काढते. २०२१ च्या यादीत प्रवेशाच्या परवानग्या नीट न तपासणं पहिल्या क्रमांकावर आहे. म्हणजे संस्थेने उद्या ‘अत्यंत प्रगत सायबर हल्ला झाला’ असं पत्रक काढलं, तर ते जसंच्या तसं छापू नकोस.

आता कलमं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे संगणकाच्या मालकाच्या किंवा तो सांभाळणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्यात प्रवेश केला, त्यातली माहिती उतरवली किंवा तिची नक्कल केली, तर भरपाई द्यावी लागू शकते. कलम ६६ सांगतं की हीच कृत्यं ‘अप्रामाणिकपणे किंवा कपटाने’ केली तर तो गुन्हा, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुझ्या वकील मित्राने कलम बरोबर सांगितलं, पण सगळं त्या दोन शब्दांवर अडतं. अप्रामाणिकपणे म्हणजे कोणाचा तरी गैर फायदा किंवा कोणाचं तरी गैर नुकसान व्हावं या इराद्याने. एक आकडा बदलून पाहिला, दचकला, थांबला आणि येऊन सांगितलं, अशा मुलाचा तसा इरादा सिद्ध करणं जड जाईल. त्याच मुलाने रात्रभर प्रोग्राम चालवून हजारो अर्ज उतरवले आणि सकाळी संस्थेला बक्षिसाचं विचारलं, तर तो इरादा त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखा होईल.

म्हणून बक्षिसाचा विषय त्याच्या डोक्यातून आजच काढ. ज्या कंपन्या असं बक्षीस देतात त्या योजना आधी जाहीर करतात, काय तपासायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे लिहून देतात. जिथे अशी योजना नाही तिथे दोष सापडल्यावर पैशाची भाषा केली की खंडणीची तक्रार यायला वेळ लागत नाही. आणखी एक सांग त्याला. याच कायद्याच्या कलम ७० खाली सरकार काही यंत्रणा ‘संरक्षित’ म्हणून जाहीर करतं. आधारची मध्यवर्ती माहिती साठवण त्यातली एक. तिथे नुसत्या अनधिकृत प्रवेशाच्या प्रयत्नालाही दहा वर्षांपर्यंत कैद आहे आणि अप्रामाणिकपणाची अट नाही. तुमचं पोर्टल त्यात बसत असेल असं वाटत नाही, पण आकडा बदलून बघण्याची ही सवय त्याने दुसरीकडे कुठे नेऊ नये.

आई-बाबांना हे वाचून दाखव. कलम ६६ चा गुन्हा दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे, तसं याच कायद्याच्या कलम ७७ब मध्ये स्पष्ट लिहिलंय. तपास पोलिस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात यांत्रिकपणे अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावलंय. भीती खरी धरायची ती वेगळीच. अशा प्रकरणात पोलिस एकाच कलमावर थांबत नाहीत, तोतयेगिरी, फसवणूक, बनावट दस्तऐवज अशी कलमं जोडत जातात.

‘द ट्रिब्यून’च्या बाबतीत नेमकं तेच झालं. जानेवारी २०१८ मध्ये या चंदीगडच्या वृत्तपत्राच्या वार्ताहर रचना खैरा यांनी जालंधरहून बातमी दिली. व्हॉट्सॲपवर भेटलेल्या एका एजंटला पाचशे रुपये दिले, त्याने लॉगिन आणि पासवर्ड दिला, आणि मग कोणताही आधार क्रमांक टाकला की त्या माणसाचं नाव, पत्ता, फोटो, फोन, ईमेल दिसायला लागलं. आणखी तीनशे रुपयांत आधार कार्ड छापायचं सॉफ्टवेअरही मिळालं. आधार प्राधिकरणाने आधी बातमीच चुकीची ठरवली, बायोमेट्रिक माहिती सुरक्षित आहे असं सांगितलं. आणि मग दिल्ली पोलिसांच्या गुन्हे शाखेत तक्रार दिली. तीत खैरा यांचं नाव होतं, आणि कलमं होती भारतीय दंड संहितेची ४१९, ४२०, ४६८, ४७१, म्हणजे तोतयेगिरी, फसवणूक आणि बनावट दस्तऐवज, शिवाय आयटी कायद्याची आणि आधार कायद्याची. संपादकांची संघटना असलेल्या एडिटर्स गिल्डने निषेध केला, अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनने त्या वार्ताहराच्या बाजूने लिहिलं, आणि तेव्हाचे मंत्री रविशंकर प्रसाद यांना जाहीर सांगावं लागलं की एफआयआर अज्ञात व्यक्तींविरुद्ध आहे आणि सरकार वृत्तपत्र स्वातंत्र्याला बांधील आहे. त्याच आठवड्यात, १० जानेवारीला, प्राधिकरणाने आधार क्रमांकाऐवजी वापरता येईल असा आभासी क्रमांक आणण्याची घोषणा केली. एवढ्या घाईत केलेल्या त्या घोषणेने बातमीची गरज किती होती ते मला तरी पुरेसं सांगितलं.

खैरा यांनी एजंटशी वेगळं नाव सांगून संपर्क साधला होता. माहिती विकणाऱ्या टोळीशी खऱ्या नावाने बोललं तर ती बोलत नाही, त्यामुळे तिथे ते गरजेचं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. पण तोतयेगिरीचं कलम चिकटवायला तीच जागा मिळते. तुझ्या बातमीत खोटं नाव घ्यायची, दुसऱ्याचा पासवर्ड वापरायची किंवा कोणाला पैसे द्यायची काहीच गरज नाही. तेव्हा यातलं काहीही करू नकोस.

दुसरं प्रकरण अमेरिकेतलं आहे, आणि ते तुझ्याशी जास्त जुळतं. मिझुरी राज्याच्या शिक्षण विभागाने शिक्षकांची पात्रता तपासता यावी म्हणून एक वेबपान ठेवलं होतं. संगणकावरच्या बहुतेक ब्राउझरमध्ये पानावर राइट क्लिक करून ‘व्ह्यू पेज सोर्स’ म्हटलं की पानामागचा मजकूर दिसतो. तुझ्या संगणकावर आत्ता करून बघ, कंस आणि आकड्यांचा तो गिचमिडा तुलाही दिसेल. त्या पानाच्या अशाच गिचमिड्यात शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे तिकडचे सरकारी ओळख क्रमांक, पडले होते. दुसऱ्या रूपात लिहिलेले होते खरे, पण ते रूप उलटवायला कोणतीच किल्ली लागत नाही. ‘सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच’च्या वार्ताहराला ते ऑक्टोबर २०२१ मध्ये दिसलं. लाखभराहून जास्त शिक्षकांचे क्रमांक उघडे होते. त्याने मोजक्याच नोंदी पाहिल्या, विद्यापीठातल्या सायबर सुरक्षेच्या प्राध्यापकाकडून खात्री करून घेतली, विभागाला कळवलं, आणि पान बंद होईपर्यंत वृत्तपत्राने बातमी हातात धरून ठेवली.

बातमी आली आणि गव्हर्नर माइक पार्सन यांनी पत्रकार परिषद घेऊन त्याला हॅकर ठरवलं. सरकारी वकिलाकडे प्रकरण दिलं, राज्याच्या हायवे पेट्रोल पोलिसांना तपासाला लावलं. पुढे कागद बाहेर आले तेव्हा कळलं की शिक्षण विभागाने सुरुवातीला वृत्तपत्राचे आभार मानणाऱ्या निवेदनाचा मसुदा करून ठेवला होता, आणि हा नेटवर्क फोडण्याचा प्रकार नाही असं एफबीआयने सांगितलं होतं. तरीही फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलाने आरोप ठेवायला नकार देईपर्यंत चार महिने तो वार्ताहर टांगणीवर राहिला. आरोप टिकला नाही, कारण त्याच्या कामात बोट ठेवायला जागाच नव्हती. गरजेपेक्षा एकही नोंद जास्त पाहिली नाही, आधी कळवलं, मग छापलं.

तूही त्याच क्रमाने जा. मुलाला आज सांग की आता तो पत्ता पुन्हा उघडायचा नाही. प्रोग्राम नाही, ‘अजून एकदा बघतो’ नाही, मित्रांना दाखवणं नाही. स्क्रीनशॉटची एक मूळ प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेव, कधी आणि कोणाकडून मिळाली ते वहीत तारखेसह लिही, आणि ती वही व पेनड्राइव्ह वकिलाला दाखव. व्हॉट्सॲपवर ते पुढे पाठवू नकोस, संपादकांनाही नाही. कार्यालयात समोर बसून दाखव. बातमीत चित्र लागेल तेव्हा फोनमधल्या मार्करने रेघोट्या मारून भागवू नकोस. तो मार्कर बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे वाचता येतात. भरीव काळा चौकोन टाक, मग त्या चित्राचा नव्याने स्क्रीनशॉट घे आणि तोच वापर. आधार क्रमांक कोणाचाही, अर्धासुद्धा, छापायचा नाही. तो जाहीर करायला आधार कायद्यातच बंदी आहे.

स्वतः उघडून बघू का, असं विचारलंयस. अनोळखी विद्यार्थ्याचा अर्ज उघडू नकोस. अर्ज भरलेले दोन ओळखीचे विद्यार्थी शोध, त्यांची लेखी संमती घे. एकाने आपल्या लॉगिनने दुसऱ्याचा अर्ज उघडून दाखवावा, शेजारी महाविद्यालयातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक बसलेले असावेत, आणि त्यांनी जे पाहिलं ते एका कागदावर लिहून सही करावी. संस्थेची परवानगी यातही नाही, त्यामुळे कलम ४३ चा प्रश्न पूर्ण सुटत नाही. तो वकिलापुढे ठेव. पण ज्याची खाजगी माहिती पाहिली त्याची संमती तुझ्या हातात असेल, आणि इराद्याचा प्रश्न आला की तो कागद खूप बोलेल.

त्यानंतर मेल. संस्थेच्या प्रमुखांना, पोर्टल बांधणाऱ्या कंपनीला, आणि प्रत सर्ट-इनला. सर्ट-इन ही केंद्र सरकारची संगणक सुरक्षेची यंत्रणा. दोष कळवणाऱ्यांसाठी तिची जाहीर पद्धत आहे, आणि ते काम याच यंत्रणेकडे असल्यामुळे तिच्याकडे गेलेला मेल तुझ्या प्रामाणिकपणाचा चांगला पुरावा ठरतो. मजकूर साधारण असा ठेव:

‘आपल्या शिष्यवृत्ती पोर्टलवर लॉगिन केल्यानंतर पत्त्यातील अर्ज क्रमांक बदलल्यास दुसऱ्या अर्जदाराचा संपूर्ण अर्ज व कागदपत्रे दिसतात. ही बाब आम्हाला अमुक तारखेस समजली. खात्रीपुरत्या मोजक्या पानांपलीकडे आम्ही काहीही उघडलेले किंवा साठवलेले नाही. कृपया पोर्टल तातडीने बंद करून दोष दूर करावा व संबंधित विद्यार्थ्यांना कळवावे. दोष दूर होईपर्यंत आम्ही त्याचा तपशील प्रसिद्ध करणार नाही. या विषयावर बातमी करत असून आपली बाजू अमुक तारखेपर्यंत कळवावी.’

‘अन्यथा’ हा शब्द त्यात कुठेही येऊ देऊ नकोस. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांनी आणि सरकारी कार्यालयांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. तेव्हा कंपनीने कळवलं का, हा प्रश्न बातमीसाठी राखून ठेव. मोठ्या सॉफ्टवेअरमधल्या दोषांना दुरुस्तीसाठी नव्वद दिवस देण्याचा प्रघात आहे, पण इथे पोर्टल तात्पुरतं बंद करणं तासाभराचं काम आहे. आठवडाभर उत्तर नाही आणि पोर्टल तसंच चालू, असं झालं तर पद्धत न सांगता बातमी दे: अर्जदारांची माहिती सुरक्षित नाही, संस्थेला अमुक तारखेला कळवलं, उत्तर आलं नाही. तुझ्या सॉफ्टवेअरवाल्या मित्राची चिडचिड मला समजते, संस्था हलत नाहीत हे खरंच आहे. पण पोर्टल चालू असताना ती युक्ती सोशल मीडियावर टाकली तर पहिल्या तासात ती वापरणारे लोक संस्थेचे नसतील.

दुरुस्तीनंतर मात्र बातमी यायलाच हवी. ‘झालं ना बंद, आता कशाला’ असं तुला हमखास ऐकवलं जाईल. पोर्टल किती दिवस असं होतं, या काळात कोणी किती अर्ज पाहिले याची नोंद आहे का, कंपनीला काम कसं मिळालं, चालू करण्याआधी सुरक्षा तपासणी झाली का आणि कोणी केली, विद्यार्थ्यांना कळवलं का, हे प्रश्न दोष बुजवल्याने मिटत नाहीत. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. माहिती फुटली तर संबंधित माणसाला कळवणं त्यात सक्तीचं आहे आणि सुरक्षेत कुचराई केली तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. तोवर त्या मुलांना कोण सांगणार? तुझी बातमीच सांगणार. तिच्यासोबत एक चौकट दे: अर्ज क्रमांक सांगून आलेल्या फोनवर ओटीपी द्यायचा नाही, आधारचं बायोमेट्रिक लॉक कसं करायचं, पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन.

त्या कायद्यात पत्रकारांना घातक अशी एक गोष्ट आहे. २०१९ च्या मसुद्यात पत्रकारितेच्या कामासाठी सूट होती, २०२३ च्या कायद्यात ती उरली नाही. संपादकांना हे दाखव. ‘सगळा डेटा घेऊन ठेव’ म्हणजे हजारो मुलांची आधार आणि जातीची कागदपत्रं एका वार्ताहराच्या लॅपटॉपमध्ये. तो लॅपटॉप हरवला, चोरीला गेला, जप्त झाला, तर त्या मुलांची माहिती दुसऱ्यांदा फुटली, आणि यावेळी तुझ्या हातून. दोष सिद्ध करायला दोन अर्ज पुरतात. त्यांना नम्रपणे पण ठाम नाही म्हण, आणि ते नाही मेलवर म्हण.

मुलाच्या नावाचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, म्हणून खोटा धीर देत नाही. सूत्राचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही, असं प्रेस कौन्सिल कायदा १९७८ च्या कलम १५ मध्ये आहे, पण ते कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. पोलिस किंवा न्यायालय यांच्यासमोर पत्रकाराला सूत्र झाकायचा स्वतंत्र हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही. महाराष्ट्राने २०१७ साली पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, पण तो मारहाणीपासून वाचवतो, चौकशीपासून नाही. २०१० मध्ये हैदराबादचे तंत्रज्ञ हरी प्रसाद यांनी दोन परदेशी संशोधकांसोबत मतदान यंत्रातले दोष दाखवले. ज्या यंत्रावर ते दाखवले ते मुंबईच्या जुन्या कस्टम हाऊसमधून चोरीला गेलेलं निघालं. ऑगस्टमध्ये मुंबई पोलिस हैदराबादला जाऊन त्यांना घेऊन आले. यंत्र कोणी दिलं, एवढंच हवं होतं. त्यांनी नाव सांगितलं नाही आणि आठवडाभर कोठडीत राहिले. जामीन देताना दंडाधिकाऱ्यांनी नोंदवलं की यंत्र चोरीचं धरलं तरी यांचा इरादा अप्रामाणिक दिसत नाही. बघ, निर्णय पुन्हा इराद्यावरच आला, पण त्याआधी आठवडा कोठडीत गेला.

तेव्हा मुलाला समोर बसवून खरं सांग: मी तुझं नाव छापणार नाही, कोणाला सांगणार नाही, पण पोर्टलच्या नोंदींत तुझ्याच लॉगिनने ४५१८ उघडल्याचं दिसेल, ते माझ्या हातात नाही. हे कळल्यावर त्याला स्वतःच्या नावाने सर्ट-इनला कळवावंसं वाटू शकतं, आणि माझ्या मते ते त्याच्या हिताचं आहे. ठरवू दे त्याला, पालकांना विचारू दे. त्याच्याशी पुढचं बोलणं प्रत्यक्षच कर. आणि एक पक्कं लक्षात ठेव, पोलिसांची नोटीस आल्यानंतर फोनमधून काहीही पुसायचं नाही. तो पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा होतो.

असा कायदा चांगला नाही, हे मी मोकळेपणाने म्हणते. अमेरिकेच्या न्याय विभागाने मे २०२२ मध्ये धोरण जाहीर केलं की सद्हेतूने सुरक्षा तपासणाऱ्यांवर संगणक गुन्ह्याचा खटला भरायचा नाही. आपल्याकडे तशी लेखी हमी हवी, आणि पत्रकारांनी ती मागितली पाहिजे. आयटी कायदा बदलत नाही असंही नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदवरच्या एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली, देशभर संताप उसळला, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल निकालात आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम ६६अ रद्द केलं. घटना आपोआप कोणाचं रक्षण करत नाही, हे तुझ्या त्या दुसऱ्या मित्राला सांग. घटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम १९ घेऊन कोणीतरी न्यायालयात उभं राहिलं म्हणून ते झालं.

नोटीस आलीच तर एकटी जाऊ नकोस. साक्षीदार म्हणून विचारायचं असेल तर महिलेला पोलिस ठाण्यात बोलवता येत नाही, घरी येऊन जबाब घ्यावा लागतो. फौजदारी प्रक्रियेचा आताचा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये ते आहे. फोन किंवा लॅपटॉप नेणार असतील तर जप्तीचं व्हिडिओ चित्रण त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. ते माग, पंचनाम्याची प्रत माग, आणि त्यात फोनची हॅश व्हॅल्यू, म्हणजे आतल्या माहितीवरून काढलेला आणि माहिती बदलली की बदलणारा सांकेतिक आकडा, लिहून घ्यायला सांग, म्हणजे नंतर आत काही घातलं गेलं तर कळेल.

मेल पाठवण्याआधी एक काम उरतं. जिल्हा आवृत्तीतले कितीतरी वार्ताहर मानधनावर असतात, हातात नेमणुकीचा कागद नसतो, आणि प्रकरण तापलं की ‘तो आमचा कर्मचारी नाही’ असं ऐकायला मिळतं. तुझं नियुक्तीपत्र आहे का ते बघ. नसेल तर ही बातमी तुला कार्यालयाने दिली आहे आणि कायदेशीर खर्च वृत्तपत्र उचलेल, एवढं संपादकांकडून मेलवर घे. ते आलं की संस्थेला लिही.